मेथी-कोथिंबिरीला शेणखत किती कुजलेलं हवं?

नंदगडकडचा
नमस्कार मंडळी. विहिरीजवळ तीन गुंठे लाल माती आहे. भात घरात आलं की तिथं मेथी, कोथिंबीर, पालक करणार; थोडं घरी, बाकी खानापूरच्या बाजारात. दोन म्हशींचं शेण पावसाळाभर गायरीत, म्हणजे उकिरड्यात, साठलंय. वरून काळं, वाळलेलं दिसतं, पण फावडं घातलं की आत हिरवट, चिकट, नाकात जाणारा वास. शेजारी म्हणतात पसरून नांगरून टाक, भाजी झक्कास येईल. घरात म्हणणं, आपल्याकडं मेथी कच्ची खातात, असलं खत घालायचं नाही. कुणाचं धरू? तीन गुंठ्यांना किती लागेल? कोंबडीखतही मिळतंय, घ्यावं का?

निपाणीचा तात्या
आमच्याकडं उन्हाळ्यात धनगरांची बकरी बसवतात. लेंडी-मूत जागेवर पडतं, वाहतूक नाही. पण एप्रिल-मेमध्ये बसवलेल्या रानात भाजी दसऱ्यानंतरच. बकरी उठली की लगेच कोथिंबीर टाकायची नाही. एवढंच.

कडोलीची भाजीवाली
दादा, वहिनींचं ऐका. मी पालेभाजीच करते. माल बेळगावच्या मार्केटला जातो, तिथून बराचसा गोव्याला. आपल्या खानावळीत झुणका-भाकरीच्या ताटात मेथी आणि कांदापात कच्चीच येते. शिजवलेल्या भाजीतले जंतू चुलीवर मरतात, कच्च्या पानाला चूल नाही. म्हणून ती आंच खताला आधीच लागलेली पाहिजे, याबाबतीत मी कुणाला सवलत देत नाही.

जनावर धडधाकट असलं तरी त्याच्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेला असले जंतू असू शकतात. मेथी महिन्याभरात उपटायला येते, पान जमिनीपासून वीतभर वर. पाइपचं पाणी जोरात पडलं की चिखलाचा शिंतोडा थेट पानावर. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी १२० दिवसांच्या आत कच्चं शेण घालता येत नाही. आपल्यावर तो कायदा नाही, पण हिशोब शहाणा आहे. तात्या एप्रिल-दसरा म्हणतात तेही त्यातच बसतं. महिन्याभराच्या मेथीत १२० दिवस कुठून आणणार? शिवाय कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते, तणाचं बी येतं, आणि कोवळी रोपं पिवळी पडतात ती वेगळीच.

आता गणपती झालेत, पाऊस ओसरलाय, तुमच्याकडं वेळ आहे. गायरी पूर्ण उपसा. उंचवट्यावर, विहिरीपासून लांब ढीग घाला. गंजीच्या तळाचं म्हशी तोंड लावत नाहीत ते पिंजर (भाताचं काड), पालापाचोळा आणि शेण असे थर द्या. नुसतं शेण चिकटून बसतं, आत हवा जात नाही, म्हणून तुम्हाला तो हिरवट वास येतोय. ढीग कमरेपेक्षा उंच आणि तेवढाच रुंद हवा, बारका ढीग तापत नाही. ओल बघायला मूठभर घेऊन पिळा: बोटांच्या फटीत पाणी दिसावं, धार लागू नये.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून ठेवा, थोड्या वेळानं ओढून आतलं टोक धरून बघा. कोमट लागलं तर काम झालेलं नाही. चटका बसून हात सुटला तर ढीग चांगला तापलाय. नेमकं बघायचं तर लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो. ५५ अंशांच्या वर हवं, ७० च्या खाली. असं किमान १५ दिवस टिकवायचं आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग उलथायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. बाहेरची कड कधीच तापत नाही, म्हणून हे उलथणं टाळू नका. अंगमेहनतीचं आहे, दोघांनी मिळून करा. नंतर पिंजरानं झाकून दीड-दोन महिने तसंच मुरू द्या. परतीचा पाऊस आलाच तर वरून ताडपत्री टाका, नाहीतर नत्र काळ्या पाण्याबरोबर ओढ्याला जातं.

झालं की नाही हे मेथीलाच विचारा. एका डब्यात हे खत आणि माती निम्मं-निम्मं, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हीत मेथीचे सारखेच दाणे. खताच्या डब्यात कमी उगवले किंवा पानांच्या कडा करपल्या तर अजून थांबा.

माप म्हणाल तर एकरी दहा टन, म्हणजे गुंठ्याला अडीचशे किलो. तुम्हाला साडेसातशे किलो पुरे. पेरणीआधी मातीत मिसळून वाफे करा, उभ्या पिकावर पसरू नका. कोंबडीखत शेणखतापेक्षा कितीतरी तेज असतं. घेतलंत तर ढिगातच मिसळा, थोडंच. नत्र जास्त झालं की पालक हिरवागार दिसतो, पण पानात नायट्रेट साठतं आणि मावा कीडही लवकर येते.

नंदगडकडचा
ताई, खूप आभार. दोन शंका. एकजण म्हणाले, खड्डा भरून वरून चिखलानं लिंपून टाक, उलथायची कटकट नाही. आणि गोबरगॅसच्या टाकीतून निघणारी पातळ स्लरी पाण्यातून भाजीला सोडली तर?

कडोलीची भाजीवाली
लिंपलेला खड्डा म्हणजे बेंगलोर पद्धत. डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास ती बसवली. नत्र छान राखून ठेवते, पण सहा-आठ महिने लागतात आणि उलथलेल्या ढिगासारखा सगळा माल तापत नाही. उसाला, भाताला ती वापरा. कच्च्या पानाला उलथलेलाच ढीग.

स्लरीचंही तसंच. गॅसच्या टाकीत एवढी उष्णता नसते की सगळे जंतू मरावेत. नारळाच्या आळ्यात घाला, ढिगावर शिंपडा, मेथीवर नको. शेणाची बुट्टी आणि भाजीची बुट्टी वेगळी ठेवा. पेंड्या ओढ्यावर धुऊ नका, विहिरीच्या स्वच्छ पाण्यानं धुवा.

मातीचा नमुना शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात देऊन या. तुमच्याकडं पाऊस जास्त, लाल माती आम्लधर्मी निघू शकते, आणि पालकाला ती मानवत नाही. अहवाल आला की इथं टाका, चुना लागतोय का बघू.