ड्रायव्हर आणि मॉड्यूल: दोन्हींना 'चालक' चालेल का?

प्रश्न: लिनक्सच्या एका मदतपुस्तिकेचं मराठी करतो आहोत. 'ड्रायव्हर' आणि 'मॉड्यूल' दोन्हींना आमच्यातल्या एकाने सरसकट 'चालक' लिहिलंय. 'नेटवर्क कार्डाचा चालक' वाचलं की मला एसटीचा ड्रायव्हर दिसतो, ते एक असो. पण दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

उत्तर: नाहीच चालणार. 'एलएसपीसीआय -के' ही संगणकातल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा मारून बघा. कार्डाखाली दोन वेगळ्या ओळी येतात. एकीत सध्या वापरात असलेला ड्रायव्हर, दुसरीत त्या कार्डाला चालतील अशी मॉड्यूल्स. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर दुसऱ्या ओळीत 'नूव्हो' (मुक्त स्रोत) आणि 'एनव्हिडिया' (कंपनीचं स्वतःचं) ही दोन्ही नावं दिसू शकतात, पहिल्या ओळीत मात्र एकच, कारण कार्डाचा ताबा एका वेळी एकाकडेच असतो. दोन्ही ओळींना 'चालक' म्हटलंत तर वाचणारा गोंधळणारच.

मॉड्यूल ही '/लिब/मॉड्यूल्स'खालची फाइल, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) गरजेनुसार जोडली जाणारी. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारा कोड. तो मॉड्यूलमधून येतो, नाहीतर कर्नलमध्येच बांधलेला असतो. बांधलेला असेल तर 'एलएसमॉड' या आज्ञेच्या, म्हणजे चढलेल्या मॉड्यूल्सच्या, यादीत दिसत नाही, आणि कार्ड व्यवस्थित चालत असताना लोक 'ड्रायव्हरच नाही' म्हणून शोधत बसतात. उलट, मॉड्यूलमध्ये ड्रायव्हर असेलच असंही नाही, फाइलसिस्टमही मॉड्यूल म्हणून येते.

प्रश्न: आणि ड्रायव्हरमधल्या 'प्रोब' या फंक्शनचं? आम्ही 'तपासणी' केलंय.

उत्तर: इथे जरा थांबा. जुन्या आयएसए जोडणीच्या कार्डांच्या काळात, म्हणजे एनई२००० हे नेटवर्क कार्ड वगैरे, ड्रायव्हर खरोखरच एकेक पोर्ट चाचपून कार्ड शोधायचा. तेव्हा 'चाचपणी' चपखल होतं. त्यानंतरच्या पीसीआय जोडणीचं कार्ड स्वतःच आपला विक्रेता क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगतं. इंटेलचा विक्रेता क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव, हा आकडा त्यांनी हौसेनेच घेतला असणार! '८०८६:१०डी३' ही जोडी 'ई१०००ई' या इंटेल नेटवर्क कार्डांच्या मॉड्यूलच्या यादीत सापडली की ते मॉड्यूल आपोआप चढतं आणि त्याचं 'प्रोब' बोलावलं जातं. त्यात शोधाशोध फारशी नसते. कार्ड सुरू करून ताब्यात घेणं हेच मुख्य काम. मी 'ताबा घेणे' लिहीन.

आणखी एक प्रतिसाद: फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीचं भाषांतर करायची वेळ आली तर हा शब्द अडेल. तिथे 'प्रोब' आणि 'अटॅच' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत: आधी 'हे कार्ड माझं का?' आणि मग ताबा. त्याच इंटेल कार्डाला तिथे 'ईएम०' म्हणतात, कारण 'ईएम' हे ड्रायव्हरचंच नाव. लिनक्सच्या 'ईएनपी३एस०' या कार्डाच्या नावात ड्रायव्हरचा मागमूस नाही, बस आणि स्लॉटचा पत्ता तेवढा आहे. ड्रायव्हर न मिळालेलं कार्ड 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' या फ्रीबीएसडीच्या आज्ञेने येणाऱ्या कार्डांच्या यादीत 'नन०' म्हणून येतं. त्या नावांचं भाषांतर कृपया करू नका.

प्रश्नकर्ता: बरं, मग 'ड्रायव्हर', 'मॉड्यूल' जसेच्या तसे ठेवतो. 'फर्मवेअर'ही?

उत्तर: तेही. वायफाय कार्डात 'आयडब्ल्यूएल-वायफाय' ड्रायव्हर चढूनही '/लिब/फर्मवेअर'मधली फाइल नसली तर कार्ड गप्पच. ती फाइल कार्डावरच्या प्रोसेसरसाठी असते, तुमच्या सीपीयूसाठी नाही, एवढं एका ओळीत तिथेच लिहा.