स्वित्झर्लंडमधे खरंच घरोघरी बंदुका असतात का? आणि आपल्याला घेता येते का?

झुरिककर_नवा:
नमस्कार मंडळी. झुरिकला येऊन आठ महिने झालेत, बी परमिटवर (म्हणजे तात्पुरत्या रहिवासी परवान्यावर) आहे. मागच्या शुक्रवारी ट्रेनमधे समोर एक विशीतला पोरगा येऊन बसला, अंगावर मिलिटरीचा ड्रेस, हातात सँडविच आणि बाजूच्या सीटवर आडवी टाकलेली ही एवढी लांब रायफल. डब्यात कोणी ढुंकून बघेना, शेजारची आजी निवांत विणत होती. मी मात्र पुढच्या स्टेशनला डबा बदलला (हसू नका, गणपतीच्या बंदोबस्तात पोलिसाच्या हातात दांडकंच बघायची सवय आहे आपल्याला). ऑफिसातला म्हणतो इथे सगळ्यांकडे असते, त्यात काय. खरंय का हे? मग कायदाबियदा काही आहे की नाही? आणि परदेशी माणसाला विकत घेता येते का, हौस म्हणून विचारतोय.

बर्नचा_बंड्या:
अरे घाबरलास काय, तो वीकेंडला घरी निघाला असणार. इथे पुरुषांना मिलिटरी सक्तीची आहे, बायकांना ऐच्छिक. आधी 18 आठवड्यांची रिक्रूट स्कूल आणि मग काही वर्षं अधूनमधून तीन-तीन आठवड्यांचे रिफ्रेशर, त्यामुळे स्टुर्मगेवेर 90 ही रायफल सैनिक घरीच ठेवतो. ती सरकारची, त्याची नाही. पण गोळ्या घरी नसतात! पूर्वी 50 गोळ्यांचा सीलबंद डबा द्यायचे, 2007 ला ते बंद केलं आणि दिलेले डबेही परत मागवून घेतले.

आमचं नागरिकत्व झाल्यावर थोरल्याने केली सर्व्हिस, म्हणून हे सगळं घरात बघितलंय. बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) काढून वेगळा कुलुपात ठेवायचा, रायफल वेगळी. दरवर्षी 31 ऑगस्टच्या आत 300 मीटरवर 20 गोळ्यांची सक्तीची नेमबाजी, 85 पैकी 42 गुण तरी पडले पाहिजेत, नाहीतर परत बोलावतात. पहिल्या वर्षी हिने खंडेनवमीला सुरी, कात्री, माझा पाना यांच्या शेजारी ती पण मांडली आणि हळदकुंकवाची बोटं उचलली तर पोरगा आतून ओरडत आला, आई दस्त्याला कुंकू नको, इन्स्पेक्शन असतं! शेवटी नुसतं झेंडूचं फूल ठेवलं.

कायद्याने_वागा:
बंड्याने सांगितली ती मिलिटरीची बाजू, विकत घ्यायची गोष्ट पूर्ण वेगळी आणि लोक इथेच गल्लत करतात. 1999 पासून इथे देशभर एकच शस्त्र कायदा आहे. पिस्तूल किंवा सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची तर कँटनकडून (म्हणजे इथल्या राज्याकडून) खरेदी परवाना लागतो, त्याचं जर्मन नाव वाफेनएर्वेर्ब्सशाइन, म्हणता म्हणता श्वास संपतो. वय 18 पूर्ण, गुन्हे नोंदवलेले नकोत, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका वाटेल असं काही नको. परवाना सहा महिने चालतो. शिकारीच्या साध्या बोल्टवाल्या रायफलला हा परवाना लागत नाही, लेखी करार करून कँटनला कळवायचं. पण ती सूट तुला नाही, सी परमिट (कायम रहिवासाचा) नसेल तर कुठल्याही बंदुकीला परवाना लागतो आणि वर तुझ्या देशाचं पत्र की बाबा याला हे शस्त्र घ्यायचा हक्क आहे. ते पत्र आपल्याकडच्या कचेरीतून आणून दाखव, मग बोलू. काही देशांच्या नागरिकांना तर सरसकट बंदी आहे, त्यात श्रीलंका आहे, तुर्कस्तान आहे, भारत नाही.

आणि घेतलीस तरी कमरेला लावून फिरायचं नाही हं. त्याला बाळगायचा परवाना वेगळा, धोका खरा आहे हे पटवावं लागतं, परीक्षा असते, साध्या माणसाला मिळत नाही. रेंजवर नेताना रिकामी न्यायची, गोळ्या वेगळ्या. अमेरिकेतले लोक स्वित्झर्लंडचं उदाहरण देतात ना, ते हा भाग गाळून देतात.

मीरा_बाझेल:
सगळं आलबेल आहे असं वाटायला नको म्हणून लिहिते. 2001 मधे झुग कँटनच्या विधानसभेत एकाने घुसून 14 जणांना मारलं होतं. आणि ज्याची चर्चा कमी होते ते म्हणजे आत्महत्या. 2003-04 ला सैन्य जवळजवळ निम्मं केलं, म्हणजे तेवढ्या रायफली घरातून गेल्या, त्यानंतर त्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या कमी झाल्या असं इथल्याच संशोधकांनी दाखवलंय. हातात असणं आणि नसणं याने फरक पडतो हो. तरी 2011 ला मिलिटरीची शस्त्रं घरी नकोत, शस्त्रागारात ठेवा, असा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा 56 टक्के लोकांनी नाही म्हटलं. मग 2019 ला युरोपियन युनियनचे कडक नियम घ्यायचे का विचारलं तर जवळजवळ 64 टक्के हो, कारण नाही म्हटलं असतं तर शेंगेन, म्हणजे सीमेवर तपासणीशिवाय युरोपात फिरायचा करार, धोक्यात. एक बरंय की आता सैनिकाला हवं तर रायफल फुकट शस्त्रागारात ठेवता येते. बंड्यादादा, तुमच्या थोरल्याने सर्व्हिस संपल्यावर ठेवून घेतली का?

बर्नचा_बंड्या:
नाही ठेवली. ठेवता येते, ऑटोमॅटिक फायर बंद करून देतात, 100 फ्रँक भरायचे, पण तोच खरेदी परवाना लागतो शिवाय आधीच्या तीन वर्षांत ठराविक वेळा नेमबाजी केल्याचा पुरावा. त्याला कंटाळा. हिला बरं वाटलं, माळ्यावरची जागा मोकळी झाली.

झुरिककर_नवा:
बापरे, म्हणजे हौस रद्द. तो ऑफिसातला मात्र फेल्डशीसनला (इथला नेमबाजीचा मेळा) चल म्हणतोय, जावं का? आयुष्यात एकदाच एनसीसीत पॉइंट टू टू चालवलीय, खांदा आणि टार्गेट दोन्ही सुरक्षित राहिले होते.

बर्नचा_बंड्या:
जा की! गावजत्रा असते ती, 18 गोळ्या, पैसे घेत नाहीत, बारकी पोरंसुद्धा येतात. दस्ता खांद्याला घट्ट लाव. कानाला लावायचं तिथे देतात. खायला मात्र सॉसेजच असतं, शाकाहारी असशील तर डबा ने.