उड्या मारून बेरीज-वजाबाकी: उत्तर दर वेळी एकने चुकतंय, मदत हवी आहे

फळापुसणी: जमिनीवर आकडे आखून मुलांना उड्या मारायला लावल्या. मजा येते, पण उत्तर दर वेळी एकने चुकतं. शिवाय एक जण उडी मारतो आणि बाकीचा वर्ग बाजार भरवतो. सोमवारी पुन्हा घ्यायचंय, लवकर सांगा.

काटकोन: इयत्ता? पट? 'एकने' म्हणजे जास्त की कमी? एखादं उदाहरण टाका.

फळापुसणी: दुसरी, पट 38. 4+3 ला 6 येतं आणि 8−3 लाही 6.

मात्रा_चार: उड्या सोडा, टाळ्यांवर या. चार मात्रा म्हणजे एक पूर्ण, दोन म्हणजे अर्धा, एक म्हणजे पाव. अपूर्णांक झकास बसतात.

काटकोन: अपूर्णांक विचारलेत कुणी? फळापुसणी, बेरजेत एक कमी आणि वजाबाकीत एक जास्त, म्हणजे मुलं उभी असलेली जागाच 'एक' धरतायत. घरं आखलीत की रेघा?

फळापुसणी: घरं. 1 ते 20.

काटकोन: तिथेच घोळ आहे. घर दिसलं की मूल घर मोजतं, उडी मोजत नाही. शिवाय 0 ला जागाच नाही. घरं पुसून टाका. एक लांब सरळ रेघ मारा, तिच्यावर दर 30 सेंमीला आडवी रेघ आणि आकडा त्या रेघेशी. 0 ते 20 ला 6 मीटर लागतात, जागा नसेल तर 0 ते 10, म्हणजे 3 मीटर. सुरुवात 4+0 पासून करा: मूल 4 वर उभं, उडी नाही, उत्तर 4. हे एकदा पटलं की निम्मं काम झालं. मग 4+1. पाय हवेत असेपर्यंत तोंड बंद, दोन्ही पाय टेकले की 'एक'.

मात्रा_चार: मग टेकताना डफलीवर थाप द्या की! तालात मोजणी चुकत नाही.

काटकोन: चुकते. डफली पुढे गेली की मुलं थापेमागे धावतात, मोजणं राहतं बाजूला. थाप पायांच्या मागून यायला हवी.

मात्रा_चार: हे मान्य. मग थाप बसलेल्या मुलांकडे द्या, बाकावर तळहाताने. पाय टेकले की सगळ्यांची एक थाप. बाजारही बंद होईल.

शिंपला: वजाबाकीला मागे उड्या मारायला लावत असाल तर थांबवा, पडतात. मागे फक्त पाऊल टाकायचं.

काटकोन: त्यापेक्षा 0 कडे तोंड करून पुढे उड्या माराव्यात. वजाबाकीचं चिन्ह म्हणजे वळणे, हा नियम पुढे ऋण संख्यांनाही चालतो. 5−(−2) ला 0 कडे तोंड करायचं, दोन पावलं मागे जायचं, 7 वर पोचतो.

शिंपला: दुसरीला ऋण संख्या! पण वळण्याचा मुद्दा बरोबर आहे. फळापुसणी, वहीत काय करून घेता?

फळापुसणी: वहीत काहीच नाही, थेट उदाहरणं. तिथेही एकने चुकतात.

शिंपला: मधली पायरी गाळलीत. 20 सेंमीची कागदी पट्टी, दर सेंमीला खूण, 0 ते 20. बाकावर जोडीला एक. जमिनीवर उडी पडली की जोडीतला एक बोटाने तीच उडी मारतो, दुसरा रंगीत खडूने कमान काढतो. शेवटी कमानी मोजायच्या, आकडे नाही. 8 पासून मागे तीन कमानी, शेवटची 5 वर टेकते. 38 म्हणजे 19 जोड्या, सगळ्यांचे हात गुंतलेले.

फळापुसणी: हे जमेल. पण खडूच्या रेघा दहा मिनिटांत पायांनी पुसल्या जातात.

मात्रा_चार: खडू पाण्यात बुडवून ओढा, वाळल्यावर जास्त टिकतो.

ओळखपाळख: मास्किंग टेप लावा. 40 सेंमीच्या 21 आडव्या पट्ट्या आणि 6 मीटरची लांब रेघ, मिळून 14.4 मीटर. जास्त दिवस ठेवू नका, गोंद फरशीवर राहतो. राहिलाच तर तेलाचा बोळा फिरवा, मग साबणाने पुसा.

शिंपला: साबणाचं नीट बघा. तेल राहिलेल्या फरशीवर उड्या नकोत.

फळापुसणी: घरं पुसली. 0 कुठून सुरू करू, दाराकडून की फळ्याकडून?

काटकोन: फळ्याला समांतर आखा, 0 मुलांच्या डाव्या हाताला. पट्टीवरही 0 डावीकडेच असतो.