शासकीय कामांचं नियोजन एकमेकांकडून शिकायला स्वेच्छेने जमायचं का?

करवीरकर: जिल्हा परिषद, महापालिका, बांधकाम, पाणीपुरवठा इथल्या इच्छुकांनी महिन्यातून एका शनिवारी कोल्हापुरात बसावं. एकाने चालू काम मांडायचं, बाकीच्यांनी विचारायचं. रस्त्यातले विजेचे खांबच घ्या. ते हलवायचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरला नाही, तर कार्यारंभ आदेशानंतर महावितरणशी पत्रव्यवहार, मग वाढलेल्या खर्चाला सुधारित प्रशासकीय मान्यता, तोवर पावसाळा. अनुभवी माणूस हे पाच मिनिटांत सांगतो. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ निघेल.

राधानगरी रोड: साहेब, माझा विरोध आहे. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापूर शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. ते काय अभियंत्यांना वेळापत्रक आखता येत नव्हतं म्हणून? परवानग्या आणि निर्णय वर अडतात, खालच्या माणसाच्या हातात अधिकार नाहीत. शनिवारचं म्हणाल तर दोन-दोन टेबलांचा प्रभारी कार्यभार असलेल्या माणसाला सुट्टी उरते कुठे? कामाचं शिक्षण कामाच्या वेळेत द्यावं. पुण्यात यशदा ही शासनाची प्रशिक्षण संस्था आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी कर्मयोगी पोर्टल आहे. फुकटच्या वेळेवर गाडा चालतोय म्हटल्यावर रिक्त पदं भरायची घाई कोण करणार?

करवीरकर: परवानगी वर अडते हे मान्य. पण प्रस्ताव कधी टाकायचा, सोबत काय जोडायचं, हे आपल्याच हातात आहे ना? अपुरा प्रस्ताव परत आला की महिने जातात. कर्मयोगीवरचे अभ्यासक्रम मी केलेत, चांगले आहेत. पण शिरोळच्या काळ्या मातीत जलवाहिनीचा चर नीट थर देऊन दाबला नाही, तर पावसात वरचा रस्ता खचतो. गगनबावड्यात पावसाळा धरूनच मुदत ठरवावी लागते. हे तिथं काम केलेलाच सांगणार.

लेखा शाखेतली: दादा, कल्पना पटते, पण चारचौघांत चूक कबूल कोण करेल? उद्या तीच चौकशीत निघाली तर? वरिष्ठ नकोत आणि इतिवृत्तही नको. आणि आम्हालाही बोलवा. झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेतल्या अपुऱ्या नोंदींमुळे ठेकेदाराचं देयक परत जातं, तो काम थांबवतो, आणि बोल आमच्या शाखेला. शनिवारी मात्र घर सोडून येणं आम्हा बायकांना अवघड. बुधवारी दुपारी चार वाजता ठेवा.

राधानगरी रोड: ताईंचं बरोबर आहे. कार्यालयीन वेळेत ठेवा, उपस्थिती कर्तव्यकाळ धरा, मी पहिला येतो. सुट्टीत घेणार असाल तर माझा विरोध कायम.

करवीरकर: बुधवार चालेल. पण कर्तव्यकाळासाठी आदेशाची वाट बघत बसणार नाही. चौघं आले तरी सुरू करू. पहिला विषय खांबांचाच.