नवी बॅटरी चार महिन्यांत उतरतेय, अल्टरनेटर बदलण्याआधी घरच्या घरी काय तपासू?

रातपाळी
नमस्कार मंडळी, अडचणीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय. गाडी पेट्रोल, १४ वर्षं जुनी. चार महिन्यांपूर्वी बॅटरी नवी टाकली, कारण सकाळी सेल्फ मारला की घर्र घर्र करून बसायची. नवी टाकल्यावर महिनाभर बरं चाललं आणि मग परत तेच सुरू. सेल्फ एकदम जड फिरतो, रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकत्र लावला की लाइट पिवळट पडतात, आणि दोन दिवस गाडी उभी राहिली की धक्का द्यायला माणसं शोधावी लागतात. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, म्हणून चार्जिंग ठीक आहे असंच मी धरून चालले होते. पण गॅरेजमध्ये बॅटरीवर मीटर लावून दोन मिनिटांत सांगितलं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) गेलाय, पूर्ण बदला.
बॅटरीलाच एवढे पैसे गेलेत की आता एकच पार्ट घेता येईल आणि तो चुकीचा निघाला तर मी गाडीशिवाय राहीन, आणि रात्रपाळी संपते त्या वेळी यायला दुसरं काही मिळत नाही. माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे, जंपर केबल आहे आणि भावाचा बॅटरी चार्जर आणता येईल. एवढ्यावर काय काय तपासता येईल?

तारजोड
ताई, एवढ्यावर जवळजवळ सगळं तपासता येतं, अल्टरनेटर अजून काढू देऊ नका. आधी बॅटरी चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा, कारण अर्धी उतरलेली बॅटरी घेऊन कुठलंही रीडिंग घेतलं तर ते दिशाभूल करतं. आणि अल्टरनेटरचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्याचं आहे, मेलेली बॅटरी त्याच्याकडून रोज रोज भरून घेतली तर तोही तापून लवकर जातो. चार्जर काढल्यावर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो, मग थोडा वेळ थांबून मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.
मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय. त्यानंतर इंजिन सुरू ठेवून मोजा, साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवं, आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून रेस थोडी वाढवली तरी साडेतेराच्या खाली जायला नको. (अगदी नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच व्होल्टेज कमीजास्त करतो, तिथे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण तुमची गाडी त्या काळातली वाटत नाही.)
आता खरी गोष्ट. गॅरेजवाल्यांनी फक्त बॅटरीवर मोजलं. तिथे कमी दिसलं याचा अर्थ अल्टरनेटर कमी बनवतोय असा होतोच असं नाही, तो नीट बनवत असेल आणि वाटेतच मार खात असेल. म्हणून सगळं लोड चालू ठेवून अल्टरनेटरवरच मोजा, लाल प्रोब मागच्या जाड वायरीच्या नटावर आणि काळा अल्टरनेटरच्या बॉडीवर. मग लाल अल्टरनेटरच्या त्या नटावर आणि काळा बॅटरीच्या प्लसवर, इथे ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं. मग बॅटरीच्या मायनसपासून अल्टरनेटरच्या उघड्या धातूपर्यंत, इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉडीच्या धातूतून बॅटरीच्या मायनसला परत येणाऱ्या वाटेत, गडबड. ही सगळी मोजमापं इंजिन चालू असताना आहेत, तेव्हा केस बांधा, ओढणी नको आणि हात अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यापासून लांब.

जुनं_इंजिन
एवढी आकडेमोड कशाला, इंजिन चालू ठेवून बॅटरीची मायनस काढायची, बंद पडलं तर अल्टरनेटर खराब, चालू राहिलं तर चांगला. आम्ही कायम असंच बघत आलोय.

तारजोड
दादा, मनापासून सांगतो हे कुणाला सांगू नका, आणि ताई तुम्ही करू नका. बॅटरी त्या सर्किटमध्ये धक्का शोषून घेणाऱ्या उशीसारखी असते, चालू इंजिनात ती काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं आणि त्यात रेग्युलेटर, डायोड किंवा इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या गाड्यांत उडण्यासारखं फार नव्हतं म्हणून ते खपून गेलं. शिवाय इंजिन चालू राहिलं तरी एवढंच कळतं की काहीतरी वीज येतेय, ती लोडवर पुरते का ते कळतच नाही.

जुनं_इंजिन
बरोबर आहे तुमचं, कॉम्प्युटरचा विचार मी केला नव्हता. ताई, माझं ते सोडून द्या. पण पट्टा नक्की बघा, तो चकाकत असेल किंवा लोड टाकल्यावर चुर्र आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय आणि नुसता ताण नीट करून किंवा पट्टा बदलून काम होतं.

रातपाळी
खूप खूप आभार, काल सुट्टी होती, सगळं वहीत लिहून मोजलं. पट्टा घट्ट आहे, आवाज नाही, तडे नाहीत. रात्रभर चार्ज करून, लाइट लावून बंद केल्यावर १२.६. सेल्फ मारताना ११.० आणि तरीही सेल्फ जडच फिरला, हे मला कळलं नाही. चालू इंजिनात सगळं लोड लावून बॅटरीवर १२.७. अल्टरनेटरवरच मोजलं तर १४.१! प्लसच्या बाजूला ०.२ आणि मायनसच्या बाजूला १.२. तीन वेळा मोजलं, तेवढंच आलं.

तारजोड
ताई, सापडलं! १२.७ अधिक ०.२ अधिक १.२ बरोबर १४.१, हिशोब पैसा न् पैसा जुळतोय. अल्टरनेटर त्याचं काम नीट करतोय, पण अर्थिंगमध्ये १.२ व्होल्ट खाल्ले जातायत, म्हणून बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि दोन दिवस उभी राहिली की दम तोडते. सेल्फचं कोडंही यातच सुटतं. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारताना तिचं व्होल्टेज धाडकन पडलं असतं, पण ते ११ वर टिकून होतं आणि सेल्फ मात्र जड, म्हणजे करंट वाटेत अडतोय. सेल्फही इंजिनवरच बसवलेला असतो, त्यालाही तीच अर्थिंग लागते. लाल दिव्याचं म्हणाल तर तो ही बाजू बघतच नाही, म्हणून तो गप्प होता.
खात्री करायला खर्च शून्य. इंजिन बंद असताना जंपर केबलची काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या जाड धातूला लावा, पट्टा आणि पंख्यापासून लांब. मग सुरू करून परत मोजा.

लाल_वायर
मस्त पकडलंत. ताई, अर्थिंगची पट्टी बहुतेक गाड्यांत इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत जाते, आणि बॅटरीच्या मायनसची वायर चासीला जिथे बोल्ट केलेली असते ती जागापण बघा. वरून छान दिसते आणि खाली गंज किंवा रंगाचा थर असतो, कधी वायरीच्या आतल्या तारा हिरव्या होऊन भुकटी झालेल्या असतात. हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही.
आणि हे करूनही दोन दिवसांत उतरली तर ड्रेन मोजा, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय ते. सगळं बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून मायनस वायरीच्या मध्ये सिरीजमध्ये लावा, ५० मिलीअँपिअरच्या आत हवं. मीटर तसा लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याला आकडा पडेल ते सर्किट.
पुढेमागे अल्टरनेटर खरंच गेला तरी आधी उघडून बघायला सांगा. कित्येकदा नुसते कार्बन (आतल्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ब्रश) झिजलेले असतात, ते किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) वेगळा मिळतो, अख्खं युनिट घ्यावं लागत नाही.

रातपाळी
काळी केबल लावल्याबरोबर बॅटरीवर १३.८ आणि हेडलाइट लगेच पांढरे, मी तिथेच ओरडले! गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी वेणीची पट्टी निघाली, चासीच्या बाजूचा बोल्ट गंजून गेलेला आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टी नवी टाकली, वरून ग्रीस लावलं. आता लोडवर १३.९ आणि मायनसच्या बाजूला ०.०८. आज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रविवारी ड्रेन मोजून आकडा इथेच टाकते. तारजोड दादा, लाल_वायर, जुनं_इंजिन काका, तुम्ही वेळ काढून लिहिलंत म्हणून माझा अल्टरनेटर वाचला.