कमी पैशांत घरची साउंड सिस्टीम सुधारायची, तर पहिला खर्च कशावर?

मंद्रसप्तक

एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर, आणि गाणी फोनवरून किंवा टीव्हीतून. बहुतेक घरांत एवढाच संच असतो. पैसे बेताचे, त्यामुळे एका वेळी एकच वस्तू बदलता येते. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "अ‍ॅम्प बदल, जास्त वॉटचा घे" हाच. माझं मत बरोबर उलट आहे. आधी स्पीकर, अ‍ॅम्प सर्वांत शेवटी.

हिशोब बघा. ५० वॉटचा अ‍ॅम्प काढून १०० वॉटचा आणला तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला तो फरक "जरा मोठं झालं" एवढाच लागतो. उलट ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक ताकद दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो, त्याच्या) जागी ८८ चा स्पीकर लावला तर तोच जुना अ‍ॅम्प अडीचपट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. धडधाकट अ‍ॅम्प २० ते २०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत सपाट असतो. स्वस्त स्पीकर ३-४ डेसिबल सहज वरखाली होतो, आणि मोठ्या आवाजात खर्जातलं त्याचं डिस्टॉर्शन टक्क्यांत मोजावं लागतं. दोष जिथे मोठा तिथे पैसा आधी जावा.

स्पीकर निवडताना वॉटचा आकडा बघू नका, मोजमापाचा आलेख बघा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूंनी हळूहळू, एकसारखा उतरत जाणारा आलेख ज्या स्पीकरचा, त्यालाच बहुतेकांनी पसंती दिली. साडेसहा इंची वूफरवर (खर्ज वाजवणाऱ्या भागावर) साधा घुमटाकार ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) असेल तर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास बाजूचा आवाज एकदम पसरतो. गाणाऱ्याचा आवाज टोचतो तो बरेचदा तिथेच.

एकूण रकमेचे शंभर भाग धरले तर साठ-पासष्ट स्पीकरवर जावेत.

शांतखोली

असहमत. अ‍ॅम्पबद्दल तुमचं बरोबर आहे, पण पहिला खर्च स्पीकरवरही नको. खोली तशीच ठेवून नवे स्पीकर आणले तर खालच्या तीन सप्तकांत तेच दोष पुन्हा ऐकू येणार.

४ मीटर लांबीच्या खोलीत लांबीचा पहिला मोड (खोली ज्या सुराला घुमते तो) ४३ हर्ट्झवर येतो, ३ मीटर रुंदीचा ५७ वर. (३४३ भागिले लांबीच्या दुप्पट, एवढंच गणित.) त्या सुरांवर खोली घुमते, मग स्पीकर कुठल्याही किमतीचा असो. दुसरं दुखणं मागच्या भिंतीचं. वूफर भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर परत आलेली लाट १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारते, आलेखात तिथे खड्डा पडतो. पुरुषी आवाजाचा भरदारपणा नेमका तिथून जातो. हे अंतर वूफरच्या तोंडापासून मोजायचं, डब्याच्या पाठीपासून नाही. स्पीकर भिंतीला जवळपास टेकवून वूफर ३० सेंटिमीटरवर आणलात तर तो खड्डा २८६ हर्ट्झवर सरकतो. तिथे तो बुजवायला सोपा, कारण १० सेंटिमीटर जाडीचं शोषक पॅनल त्या सुरावर काम करू लागतं. भिंतीजवळ खर्ज फुगेल हे खरं. डब्याच्या मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल तर त्यात स्पंजचा बोळा घाला, फुगवटा उतरतो.

म्हणून क्रम असा. आधी फुकटातलं सगळं: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीवर, आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून हलवून पुढे. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा, मग १०-१० सेंटिमीटर पुढेमागे सरका. त्यानंतर पहिला खर्च कॅलिब्रेशन फाइलसह येणाऱ्या यूएसबी मापन माइकवर. आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. माइक कानाच्या जागी ठेवून स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) चालवा आणि ३०० हर्ट्झच्या खालचा आलेख गुळगुळीत न करता बघा. खरा आजार तिथे उघडा पडतो.

ओहमवादी

दोघेही अ‍ॅम्पला फारच स्वस्तात सोडताय. "धडधाकट अ‍ॅम्प" हे गृहीत धरलंत तिथेच घोटाळा आहे. कमी बजेटमध्ये लोकांकडे असतो तो अ‍ॅडॉप्टरवर चालणारा छोटा क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचा) बोर्ड, नाहीतर पंचवीस वर्षांचा जुना अ‍ॅम्प. दोन्ही आधी तपासायला हवेत.

छोट्या बोर्डाचं बघू. खोक्यावर "१०० वॉट अधिक १०० वॉट" छापलेलं असतं. असा बोर्ड बहुधा ब्रिज पद्धतीचा (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारा) असतो आणि त्याची कमाल मर्यादा पुरवठ्याच्या व्होल्टेजवर ठरते: व्होल्टेजचा वर्ग भागिले दुप्पट ओहम. २४ व्होल्ट आणि ८ ओहम घेतले तर ३६ वॉट, तेही वरचं टोक गाठून. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर ९ वॉट. शिवाय अ‍ॅडॉप्टर २४ व्होल्ट, २ अँपिअरचा असेल तर त्यातून सलग निघतात जेमतेम ४८ वॉट, दोन्ही बाजू मिळून. अशा बोर्डांवरच्या टीपीए३११६ मालिकेतल्या चिपच्या डेटाशीटमध्ये २४ व्होल्टवर ८ ओहमला बाजूगणिक ३० वॉट दिले आहेत. खोक्यावरचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा.

त्यात स्पीकरवर "८ ओहम" लिहिलं असलं तरी काही सुरांवर तो ४ च्या खाली उतरू शकतो. ८४ डेसिबलचा, ४ ओहमचा स्पीकर आणि हा बोर्ड ही जोडी जमत नाही. तबल्याची एक थाप आली की आवाज सपाट होतो. लोक म्हणतात स्पीकर वाईट. स्पीकर बिचारा उपाशी असतो.

मंद्रसप्तक

ओहमवादी, सूत्र मान्य. पण त्यातून निघतं काय? अ‍ॅम्प तपासा, गरज असेल तर दुरुस्त करा. मोठा अ‍ॅम्प विकत घ्या हे त्यातून निघत नाही. बोर्डाला २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा चांगला पुरवठा दिला आणि ८८ डेसिबलचे ८ ओहमी स्पीकर लावले तर घरगुती खोलीत तो पुरून उरतो. आणि कुठला स्पीकर घ्यायचा हे ठरल्याशिवाय अ‍ॅम्पला किती करंट लागेल ते कळणार कसं?

टाकाजोड

मी चौथी बाजू मांडतो: नवं काहीच घेऊ नका. वापरलेले चांगले स्पीकर घ्या किंवा आहेत ते दुरुस्त करा. त्याच रकमेत एक पायरी वरचा स्पीकर येतो. फक्त तपासणी नीट हवी.

जाळी काढा आणि वूफरच्या कडेच्या रिंगला बोट लावा. फोमची असेल आणि बोटाला चिकट भुगा लागला तर ती संपली आहे. रबराची असेल तर सहसा टिकते. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबा. खरखर आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासते आहे, असा स्पीकर सोडून द्या. नुसता फोम गेला असेल तर भाव पाडून घ्या, कारण रिंग बदलता येते. जुना गोंद पूर्ण खरवडायचा, नवी रिंग आधी कोनाला चिकटवायची, ती वाळू द्यायची, मग चौकटीला. हा दुसरा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवून कोन कुठे घासत नाही ना हे ऐकत मध्यावर आणायचा. घाई केली आणि कोन तिरका बसला तर सगळं पुन्हा.

क्रॉसओव्हरमधले (सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-पंचवीस वर्षांत सुकतात, त्यामुळे ट्वीटर दबल्यासारखा वाजतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचे नवे घाला. मूल्य "सुधारायला" जाऊ नका, क्रॉसओव्हरचा बिंदू हलेल.

जुन्या अ‍ॅम्पच्या खुणा वेगळ्या. हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येते: रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) संपर्क काळे पडलेत. सँडपेपर फिरवू नका, मुलामा निघतो. रिले बदला. व्हॉल्यूमची करकर क्लीनर मारूनही आठवड्यात परत आली तर दोष पॉटचा (व्हॉल्यूमच्या फिरत्या रोधाचा) नाही, त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. आणि स्पीकर जोडण्याआधी डीसी बघाच: स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्य, अ‍ॅम्प दहा मिनिटं चालू, मग मल्टीमीटर आउटपुटच्या दोन टोकांवर. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक. १०० च्या वर असेल तर त्याला स्पीकर लावू नका. ब्रिज पद्धतीच्या क्लास-डी बोर्डावर दोन आउटपुट टोकांमध्येच मोजायचं. त्याचं वजा टोक ग्राउंडला कधीच जोडायचं नाही, बोर्ड जळतो.

शांतखोली

टाकाजोड, तपासणीचा भाग जपून ठेवण्यासारखा आहे. पण नवा फोम लावलेला वूफरही ४३ हर्ट्झवर घुमणारच, माझा मुद्दा जागेवर आहे.

दोनतारा

इथे डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारं उपकरण) आणि वायरचं कुणीच का बोलत नाही? फोनच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्पला दिलं की आवाज पातळ लागतो. डॅक बदलला की आवाजाला गहिरेपणा येतो, फरक लगेच कळतो.

ओहमवादी

दोनतारा, तो फरक बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीचा असतो. वेगळा डॅक साधारण २ व्होल्ट देतो, बरेच फोन १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. म्हणजे ६ डेसिबलचा फरक, आणि मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट जुळवा, एकावर २.०० तर दुसऱ्यावर २.०२ पेक्षा जास्त नको. मग कोणता डॅक चालू आहे ते न बघता ऐका. संगणकातून भणभण येत असेल तर मात्र ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक जरूर घ्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा, भणभण आणणारा करंट) बनत नाही. भणभण घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका, तिच्यावर जीव अवलंबून असतो.

वायर: १.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध हजार मीटरला सुमारे १२ ओहम. ५ मीटर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. ८ ओहमला पुरे. ४ ओहम आणि लांब अंतर असेल तर २.५ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर टाळा, रोध दीडपट आणि वाकवली की तुटते. टोक खरवडलं आणि आत पांढरं दिसलं की ओळखायचं.

खोलखर्ज

सगळे स्पीकर बदलायच्या मागे, पण आहे त्या बुकशेल्फला सबवूफर जोडण्यासारखा फायदा कशातच नाही. तीच पातळी ठेवून सूर एक सप्तक खाली गेला की कोनला चौपट हलावं लागतं. पाच इंची वूफर तिथेच दमतो. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडून काढून घेतलं की मधला पट्टा आपोआप स्वच्छ होतो.

अडचण अशी की बऱ्याच स्टिरिओ अ‍ॅम्पचं "सब आउट" स्पीकरचा खर्ज कापत नाही. दोघेही तेच वाजवतात. उपाय स्वस्त आहे: अ‍ॅम्पच्या इनपुटला प्रत्येक बाजूला एक फिल्म कपॅसिटर सीरिजमध्ये. इनपुटचा रोध २२ किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडने ७२ हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो, ४७ किलोओहमला ०.०४७. सबचा सिग्नल मात्र या कपॅसिटरच्या आधीच काढायचा, नाहीतर त्याचाच खर्ज कापला जाईल.

शांतखोली

कपॅसिटरचा उतार सप्तकाला फक्त ६ डेसिबल, त्यामुळे सब आणि स्पीकर बराच वेळ एकमेकांवर चढून वाजतील. चालेल, पण मग जुळवणी काळजीने करावी लागेल. सब आधी खुर्चीच्या जागी ठेवा, खर्जाचे चढते-उतरते सूर लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने जमिनीलगत कान नेत फिरा. जिथे सगळे सूर एकसारखे लागतील ती सबची जागा. मग सब तिथे हलवून ७० ते ८० हर्ट्झचा सूर खुर्चीत बसून ऐका आणि फेजचं बटण ० व १८० वर टाकून बघा. ज्यावर आवाज जास्त तेच ठेवा. पातळी शेवटी, आणि माइकनेच.

इक्वलायझर लावाल तेव्हा फक्त उंचवटे कापा. आलेखातला खोल खड्डा भरायला १० डेसिबल चढवलेत तर त्या सुरावर अ‍ॅम्पकडून दहापट वॉट मागताय, आणि परतणारी लाटही तेवढीच वाढल्यामुळे खड्डा तसाच राहतो. तो खुर्ची किंवा सब हलवूनच जातो.

मंद्रसप्तक

सबवर आक्षेप एकच. स्पीकर २ किलोहर्ट्झवर टोचत असेल तर खर्जाने ते झाकलं जाईल, जाणार नाही. मधल्या पट्ट्यात खोलीपेक्षा स्पीकरचं चालतं, आणि गाणं तिथेच असतं. माइक घ्या, शांतखोली, हे मी मानतो. पण ३०० हर्ट्झच्या वरचा आलेख वाकडा निघाला तर पुढचा पैसा स्पीकरवरच.