कापोएरा नक्की कुठलं, ब्राझीलचं की आफ्रिकेचं? आणि एवढी गाणी कशाला?

भाची तीन महिने झाले कापोएराच्या (नाचासारखा लढाईचा खेळ) क्लासला जाते, मी सोडायला जातो आणि बघत बसतो. अर्धा वेळ नुसत्या टाळ्या नि पोर्तुगीज गाणी, मग थोड्या लाथा. सर म्हणतात गुलामांनी मालकांना कळू नये म्हणून मारामारी नाचात लपवली. हे खरं का? जाणकारांनी सांगा प्लीज.

भरतीओहोटी:
जन्म ब्राझीलमधला, मुळं आफ्रिकेतली. ब्राझीलमध्ये साधारण ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली, त्यात अंगोला-काँगोकडचे खूप. दक्षिण अंगोलात एंगोलो म्हणून खेळ आहे, गोल करून टाळ्या, गाणी आणि मधे दोघं हातावर उलटं होऊन लाथा मारतात, बघितलंत तर लगेच ओळखाल. म्हणून ती लपवायची गोष्ट मला अर्धीच पटते, ताल आणि वर्तुळ तिकडे आधीपासूनच होतं की, मालकांना फसवायला नंतर चिकटवलेलं नाही. शिवाय १९व्या शतकात रिओच्या पोलिसांना कापोएरा चांगलं माहीत होतं, धरून फटके द्यायचे. १८८८ ला गुलामी संपली आणि १८९० च्या कायद्यात रस्त्यावर कापोएरा खेळणं हाच गुन्हा, दोन ते सहा महिने कैद. स्वातंत्र्य दिलं आणि दोन वर्षांत खेळ बंद, मला याचा फार राग येतो.

निळी_खिडकी:
मी लिस्बनला चार वर्षं कापोएराचा आंगोला नावाचा प्रकार शिकले. गाण्याशिवाय खेळ सुरूच होत नाही हो. त्या वर्तुळाला रोडा म्हणतात (उच्चार होदा), दोघं आधी बेरिंबाव (धनुष्यासारखं तारेचं वाद्य) वाजवणाऱ्याच्या पायाशी उकिडवे बसतात, मग आत. सगळ्यात मोठा बेरिंबाव गुंगा, तो सांगेल तो वेग, तो थांबवेल तेव्हा थांबायचं, कितीही रंगात आलेले असलात तरी. कावालारिया म्हणून एक ताल आहे घोड्यांच्या टापांसारखा, घोडेस्वार पोलीस आले की तो वाजवायचे असं सांगतात. आणि रोडात प्रेक्षक कोणी नसतं, आत्ता खेळलेला नंतर वाजवतो, म्हातारी माणसं गातात, पोरं कोरस धरतात, म्हणून वस्तीला तो आपला वाटतो.

आंगोला प्रकारातले मोठे गुरू मेस्त्री (म्हणजे गुरू) पास्तिन्या, त्यांना लहानपणी एक मोठा मुलगा रोज मारायचा, ते बघून बेनेदितो नावाच्या आफ्रिकी म्हाताऱ्याने त्यांना शिकवलं. पुढे त्यांनी ब्राझीलमधल्या साल्वादोरला कापोएराची शाळा चालवली, १९६६ ला डाकारच्या आफ्रिकी कला महोत्सवाला गेले, आणि शेवटी दुरुस्तीच्या नावाखाली तीच जागा गेली, १९८१ ला आंधळे आणि गरीब असे वारले. २०१४ ला युनेस्कोने रोडाला वारसा म्हटलं तेव्हा मला आधी तेच आठवले.

चिंचेचं_झाड:
बेरिंबाव म्हणजे धनुष्य, तार आणि भोपळा ना? गुजरातेतले सिद्दी मलुंगा वाजवतात तो अगदी तसाच. सिद्दी बहुतेक पूर्व आफ्रिकेतले, त्यामुळे थेट नातं लावू नका, पण समुद्रापार नेलेल्या माणसांनी दोन्हीकडे धनुष्यच वाजवत ठेवलं हे मला फार मोठं वाटतं.

प्रश्नकर्ता:
खूप आभार, भाचीलाही वाचून दाखवलं. शनिवारी मीही टाळ्यांना बसतोय, आधी काय पाठ करू?

निळी_खिडकी:
काही नको, कोरस ऐकून ऐकून येतो. फक्त टाळीचा वेग स्वतःहून वाढवू नका, गुंगाकडे कान ठेवा.